अर्ज भरला, घरी सांगितले का?

ऑगस्ट महिना उजाडला, की अवयवदानाचे फलक लागतात. सरकारी कार्यालयांत शपथ घेतली जाते, महाविद्यालयांतून फेरी निघते, मोबाइलवर क्यूआर कोड फिरतो. ३ ऑगस्ट हा आता भारतीय अवयवदान दिन आहे. पूर्वी तो नोव्हेंबरात असे. १९९४ साली ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातले पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले, म्हणून २०२३पासून हा दिवस ठरला. त्याच वर्षी सप्टेंबरात केंद्र सरकारने आधारशी जोडलेली ऑनलाइन नोंदणी सुरू केली. काही मिनिटांत अर्ज भरून होतो आणि प्रमाणपत्र मोबाइलवर येते.

मीरा-भाईंदरच्या पश्चिम टोकाला, उत्तनला लागून असलेल्या पालीत हे दिवस वेगळ्याच गडबडीचे असतात. पावसाळ्यातली मासेमारीबंदी संपत आलेली असते, जाळी दुरुस्त होत असतात, बोटींत बर्फ आणि डिझेल भरण्याची तयारी चाललेली असते. अशा घरातल्या कुणी, समजा कॉलेजात शिकणाऱ्या मुलीने किंवा पन्नाशीच्या नाखव्याने, मोबाइलवर तो अर्ज भरला. आता पुढे काय? त्या माणसाने नेमके काय ठरवले, आणि काय ठरायचे राहिले?

उत्तर बहुतेकांना ठाऊक नसते. अर्ज भरणाऱ्याने फक्त इच्छा नोंदवलेली असते. प्रत्यक्ष निर्णय होतो तो अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर, रडून थकलेल्या दोन-चार नातेवाइकांत, आणि तोही थोड्या तासांत. त्या चौघांना आपल्या माणसाची इच्छा माहीत नसेल, तर मोबाइलमधले प्रमाणपत्र फारसे कामाला येत नाही. म्हणून अवयवदाता व्हायचे की नाही, हा प्रश्न घरात बोलून सोडवायचा आहे.

घरचा मृत्यू आणि रुग्णालयातला मृत्यू

आधी एक घोळ दूर करायला हवा. नेत्रदान, देहदान आणि अवयवदान हे तीन शब्द आपल्याकडे एका दमात उच्चारले जातात. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.

पालीतली एखादी आजी वयाच्या ऐंशीव्या वर्षी आपल्या घरात, आपल्या खाटेवर गेली, तर तिचे मूत्रपिंड किंवा यकृत कुणालाही देता येत नाही. हृदय थांबले, की या अवयवांचा रक्तपुरवठा थांबतो आणि मिनिटांतच त्यांच्या पेशी मरू लागतात. मात्र त्या आजीचे डोळे देता येतात. बुबुळावरचा पारदर्शक पडदा रक्तवाहिन्यांविना जगतो, त्यामुळे मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत तो काढता येतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असो, चश्मा असो वा मधुमेह असो, नेत्रदानाला अडचण नसते. नेत्रपेढीचे पथक घरी येते, त्याचे पैसे पडत नाहीत. नातेवाइकांनी तोवर पंखा बंद करायचा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवायचे. मृताने अर्ज भरलेला नसला, तरी घरचे लोक संमती देऊ शकतात.

सहा तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण पाली-उत्तनहून भाईंदर स्टेशनला जायचे, तर डोंगरी, राई, मुर्धा अशी गावे ओलांडून यावे लागते. रात्रीची वेळ, पाऊस आणि नेत्रपेढीचा क्रमांक शोधण्यात गेलेला तास हे सगळे त्या सहांतूनच वजा होते. ज्यांना नेत्रदान करायचे आहे त्यांनी जवळच्या नेत्रपेढीचा क्रमांक आजच घरात लिहून ठेवावा. त्वचादानाचीही मुदत साधारण तेवढीच. मुंबईत शीव रुग्णालयात आणि ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये त्वचापेढी आहे, आणि गंभीर भाजलेल्या रुग्णाला ही त्वचा काही आठवडे जिवंत पांघरुणासारखी उपयोगी पडते.

देहदान म्हणजे संपूर्ण शरीर वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागाला अभ्यासासाठी देणे. नेत्रदानानंतर देहदान होऊ शकते. पण यकृत, मूत्रपिंड यांसारखे अवयव काढले असतील किंवा शवविच्छेदन झाले असेल, तर महाविद्यालये सहसा देह स्वीकारत नाहीत.

राहिले अवयवदान. हृदय, फुप्फुसे, यकृत, दोन्ही मूत्रपिंडे, स्वादुपिंड आणि आतडे मरणोत्तर देता येतात, पण आपल्याकडे ते जवळपास केवळ मेंदूमृत्यू झालेल्या माणसाकडूनच मिळतात. असा मृत्यू अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासावर असतानाच होऊ शकतो. रस्ता अपघातात डोक्याला झालेली इजा, मेंदूतला मोठा रक्तस्राव, बुडताना किंवा गुदमरताना मेंदूला झालेला प्राणवायूचा तुटवडा ही त्याची नेहमीची कारणे. त्यामुळे अर्ज भरलेल्या लोकांपैकी फार थोड्यांवर ही वेळ येते. आणि ज्यांच्यावर येते त्यांच्यापैकी बहुतेकांनी अर्ज भरलेलाच नसतो.

हृदय धडधडत असताना मृत्यू कसा?

अवयवदानाला नकार मिळण्याचे सर्वात मोठे कारण धर्म नसते, अंधश्रद्धाही नसते. समोरचे दृश्य हे खरे कारण असते. माणूस पलंगावर आहे, छाती वरखाली होते आहे, हात गरम आहे, पडद्यावर हृदयाची रेघ नाचते आहे. आणि डॉक्टर सांगतात, तो गेला. आईने यावर विश्वास कसा ठेवावा?

श्वास घेण्याची आज्ञा मेंदूच्या तळाशी असलेल्या मेंदूस्तंभातून येते. हृदयाचे तसे नाही. त्याच्या आतच ठोके निर्माण करणारी यंत्रणा असते, आणि प्राणवायू मिळत राहिला, तर ते मेंदूच्या आज्ञेविनाही काही काळ चालते. डोक्याला जबर मार बसला, की मेंदू सुजतो. कवटी हाडाची, तिला ताणायला जागा नाही. आतला दाब इतका वाढतो, की मेंदूकडे रक्त चढतच नाही, आणि मेंदूस्तंभासह सगळा मेंदू मरतो. श्वास तेव्हाच थांबलेला असतो. छाती हलते ती यंत्र हवा आत ढकलते म्हणून. हे यंत्र लावलेले असतानाही हृदय सहसा काही तासांत किंवा काही दिवसांत थांबते.

कोमा याहून वेगळा. कोमातल्या रुग्णाचा मेंदूस्तंभ जिवंत असतो, तो अनेकदा स्वतः श्वास घेतो, आणि काही रुग्ण त्यातून बाहेरही येतात. ‘अमुक जण तीन महिन्यांनी शुद्धीवर आला’ अशी जी हकिकत प्रत्येक गावात सांगितली जाते, ती कोमाची असते. मेंदूमृत्यूतून परतीची वाट नाही.

दोन्हींतला फरक अंदाजाने ठरवला जात नाही. कायद्याने त्यासाठी चार डॉक्टरांचे मंडळ सांगितले आहे: रुग्णालयाचे प्रमुख, मान्यताप्राप्त यादीतला एक तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यविशारद (ते उपलब्ध नसतील, तर यादीतला फिजिशियन, सर्जन, भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ), आणि रुग्णावर उपचार करणारा डॉक्टर. प्रत्यारोपण करणाऱ्या पथकातला कुणीही या मंडळात बसू शकत नाही. गुंगीचे औषध, विषबाधा, शरीराचे फार उतरलेले तापमान, रक्तातल्या क्षारांचा बिघाड अशी मेंदूमृत्यूचा आभास निर्माण करणारी कारणे आधी बाजूला काढावी लागतात. मग तपासणी होते. डोळ्यांत प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का, बुबुळाला कापूस लावल्यावर पापणी मिटते का, कानात थंड पाणी घातल्यावर डोळे हलतात का, घशात नळी हलवल्यावर खोकला येतो का, हे पाहिले जाते. शेवटची चाचणी श्वासाची. प्राणवायू चालू ठेवून काही मिनिटे यंत्र बाजूला करतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड ठरलेल्या पातळीपर्यंत वाढतो. मेंदूस्तंभात जरा जरी जीव असेल, तर माणूस धडपडून श्वास घेतो. श्वास आला नाही, तर उत्तर स्पष्ट असते. ही सगळी तपासणी किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा होते आणि चौघांच्या सह्या होतात.

‘दाता म्हणून नाव असले, की डॉक्टर वाचवायचा प्रयत्न सोडतील,’ ही भीती अनेकांना वाटते आणि ती बोलून दाखवण्यात काही गैर नाही. पण क्रम लक्षात घ्यावा. उपचार करणारे डॉक्टर रुग्णाचा मोबाइल उघडून नोंदणी पाहत नाहीत. दानाचा विषय मेंदूमृत्यूची खात्री झाल्यावर निघतो. शिवाय मेंदूला वाचवण्यासाठी रक्तदाब, प्राणवायू, क्षार सांभाळावे लागतात. तेच अवयवांसाठीही लागते. हेळसांड झालेल्या रुग्णाचे अवयव कुणाच्या कामाचे राहत नाहीत.

पालीच्या घरातले प्रश्न

पाली-उत्तनच्या किनाऱ्यावर ख्रिस्ती कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. इथे मयत झाले, की मृतदेह पेटीत ठेवतात, सगळे गाव अंत्यदर्शनाला येते, मग चर्चमध्ये मिस्सा आणि दफन. त्यामुळे इथला पहिला प्रश्न अगदी व्यवहारी असतो: देह पाहण्यासारखा राहील का? राहतो. अवयव काढण्याचे काम शस्त्रक्रियागृहात, शस्त्रक्रियेच्याच पद्धतीने होते. छाती-पोटावरचा छेद टाके घालून शिवतात. कपडे घातल्यावर काही दिसत नाही. नेत्रदानानंतरही चेहरा विद्रूप होत नाही.

दुसरा प्रश्न धर्माचा. कॅथलिक चर्चची भूमिका याबाबत नि:संदिग्ध आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये प्रत्यारोपणतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केले आणि अवयवदानाला प्रेमाची कृती म्हणून पाठिंबा दिला. मेंदूचे कार्य पूर्णपणे व कायमचे थांबणे हा मृत्यू ठरवण्याचा निकष काटेकोरपणे लावला जात असेल, तर तो मान्य करता येतो, असेही त्यांनी सांगितले. अवयवांची खरेदी-विक्री मात्र त्यांनी सपशेल नाकारली. पुनरुत्थानाच्या दिवशी देह अपुरा राहील, ही शंका जुन्या माणसांना असते. तिचे निरसन डॉक्टरपेक्षा गावचे फादर अधिक चांगले करू शकतील. हिंदू घरांतही ‘पुढच्या जन्मी आंधळा होईल’ अशा समजुती आढळतात, आणि तिथेही दधीची ऋषींची कथा डॉक्टरच्या व्याख्यानापेक्षा लवकर पोहोचते. ज्यांच्या धर्मात जाणकारांची मते वेगवेगळी आहेत, त्यांनी ती वेळ येण्याआधीच आपल्या धर्मगुरूंना विचारून ठेवावे.

तिसरा प्रश्न पैशांचा आणि पोलिसांचा. संमती दिल्यानंतर दात्याला सांभाळण्याचा, अवयव काढण्याचा आणि नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर टाकता येत नाही, असे २०१४चे नियम सांगतात. दानाच्या बदल्यात पैसेही मिळत नाहीत. ते देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. अपघाताची केस असली, तर पंचनामा आणि शवविच्छेदन चुकत नाही, पण पोलीस आणि न्यायवैद्यक तज्ज्ञांच्या सहकार्याने अवयवदान होऊ शकते. याला वेळ लागतो. संमतीपासून देह ताब्यात मिळेपर्यंत अनेक तास, कधी जवळपास पूर्ण दिवसही जातो. घरच्यांना हे आधी सांगितलेले बरे. गावात मांडव पडलेला असतो, पाहुणे येऊन बसलेले असतात, आणि विलंबाचे कारण कुणालाच माहीत नसले, की त्याच दानाबद्दल कडवटपणा उरतो.

चौथा प्रश्न पालीसारख्या गावाचाच. घरातला कर्ता बोटीवर असतो. खोल समुद्रात गेलेली बोट कित्येक दिवस परतत नाही. अशा वेळी घरी असलेल्या मुलाचा मोटारसायकलवरून अपघात झाला आणि मेंदूमृत्यू घोषित झाला, तर हो कुणी म्हणायचे? कायद्याच्या दृष्टीने पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण हे जवळचे नातेवाईक. २०११च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडे यांची भर पडली. म्हणजे आई संमती देऊ शकते. पण ‘बाप समुद्रात असताना एवढा मोठा निर्णय मी कसा घेऊ’, असे ती म्हणाली, तर तिला दोष देता येणार नाही. वायरलेसवर या गोष्टी बोलता येत नाहीत. बंदीच्या दोन महिन्यांत, सगळे घर जेवायला एकत्र बसलेले असताना, त्या बोलता येतात.

कायदा काय म्हणतो, प्रत्यक्षात काय होते

मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४चा. फेब्रुवारी १९९५मध्ये तो सर्वात आधी ज्या राज्यांत लागू झाला, त्यांत महाराष्ट्र होता. मेंदूस्तंभ मृत्यूला भारतात कायदेशीर मान्यता मिळाली ती याच कायद्याने. त्याआधी हे धाडस किती कठीण होते याचे उदाहरण मुंबईतच आहे. फेब्रुवारी १९६८मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयप्रत्यारोपण केले. दक्षिण आफ्रिकेत जगातले पहिले हृदयप्रत्यारोपण होऊन तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला. शस्त्रक्रियेचे कौशल्य होते. शरीराने परका अवयव नाकारू नये म्हणून लागणारी चांगली औषधे नव्हती, आणि हृदय चालू असताना मृत्यू मान्य करणारा कायदाही नव्हता.

आज औषधे आहेत आणि कायदाही आहे. दात्याने हयातीत दोन साक्षीदारांसमोर लेखी इच्छा नोंदवली असेल आणि त्यातला एक साक्षीदार जवळचा नातेवाईक असेल, तर त्या इच्छेला मान द्यावा, असे कायदा सांगतो. पण देशात कुठलेही जबाबदार रुग्णालय घरच्यांची सही नसताना अवयव काढत नाही. एक जरी सख्खा माणूस ठामपणे विरोधात उभा राहिला, तरी बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो. पत्नी तयार असते, मोठा दीर नाही म्हणतो. मुले तयार असतात, गावाहून आलेला मामा ‘आमच्या पोराची चिरफाड नको’ म्हणून ओरडतो. सरकारी असो वा खासगी, अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना हे प्रसंग नवे नाहीत. अशा वेळी ‘त्यानेच मला सांगून ठेवले होते’ हे एक वाक्य सगळा वाद मिटवते. ते वाक्य म्हणणारा माणूस घरात असायला हवा.

कायद्यात एक जुनी फटही आहे. मेंदूस्तंभ मृत्यूची व्याख्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यात आहे, मात्र जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९च्या कायद्यात मृत्यूची व्याख्या सर्वसाधारण आहे. परिणाम असा, की नातेवाइकांनी दानाला हो म्हटले, तर तो माणूस मृत धरला जातो, आणि नाही म्हटले, तर अनेक रुग्णालये कायद्याच्या धास्तीने कृत्रिम श्वास चालूच ठेवतात. खाट अडते, खासगी रुग्णालयात बिल वाढते. कुटुंबाला मात्र वाटते, की आपल्या सहीनेच मुलगा मेला. याहून क्रूर समज नसेल. केरळने २०२०मध्ये मार्गदर्शक सूचना काढून स्पष्ट केले, की दान होवो न होवो, मेंदूस्तंभ मृत्यू हा मृत्यूच आहे. महाराष्ट्रालाही अशा स्पष्टतेची गरज आहे. मृत्यूची बातमी आणि दानाची विनंती या दोन गोष्टी जितक्या वेगळ्या ठेवल्या जातील, तितका विश्वास वाढेल.

न ठरवण्याची किंमत

‘आत्ताच कशाला हा विषय,’ असे म्हणून तो पुढे ढकलणे सोपे आहे. पण त्याची किंमत कुणीतरी मोजत असते, आणि कोण, हे आकड्यांत दिसते.

२०२३मध्ये भारतात १८,३७८ अवयव प्रत्यारोपणे झाली. दहा वर्षांपूर्वी हा आकडा पाच हजारांच्या आत होता, म्हणजे प्रगती झाली आहे. पण त्या वर्षी मरणोत्तर दाते होते १,०९९. दीडशे कोटींकडे झुकलेल्या देशात दहा लाख लोकांमागे एकसुद्धा नाही. स्पेनमध्ये हेच प्रमाण दहा लाखांमागे सुमारे पन्नास आहे. आपल्याकडची दर सहापैकी साधारण पाच प्रत्यारोपणे जिवंत दात्यांच्या अवयवांवर झाली. हे जिवंत दाते कोण? राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेच्या म्हणजे ‘नोटो’च्या माहितीनुसार बहुसंख्य स्त्रिया. बायको, आई, बहीण. आणि अवयव मिळतात कुणाला? १९९५ ते २०२१ या काळातल्या ३६,६४० प्रत्यारोपणांपैकी २९ हजारांहून अधिक पुरुषांची होती. नवऱ्याला किडनी लागली, की बायको पुढे येते. बायकोला लागली, की यादीत नाव घातले जाते आणि डायलिसिस चालू राहते. नोटोने ऑगस्ट २०२५मध्ये राज्यांना सूचना पाठवून प्रतीक्षायादीतल्या स्त्रियांना, तसेच पूर्वी अवयवदान केलेल्या मृतांच्या जवळच्या नातेवाइकांना प्राधान्य देण्यास सांगितले, ते या पार्श्वभूमीवर.

मरणोत्तर दान कमी पडते तेव्हा भार घरातल्या बाईच्या शरीरावर येतो, किंवा गरिबाच्या. किडनीच्या बेकायदा व्यवहारांची जी प्रकरणे महाराष्ट्रात गाजली, ती जिवंत दात्यांची होती. २०१६मध्ये मुंबईच्या एका खासगी रुग्णालयात खोटी कागदपत्रे दाखवून परक्या स्त्रीला रुग्णाची पत्नी म्हणून उभे केल्याचे प्रकरण उघडकीस आले. मेंदूमृताच्या अवयवांचे वाटप असे चोरून करणे फार कठीण, कारण ते विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या यादीनुसार होते. मुंबईची समिती २००० सालापासून काम करते आहे. रक्तगट, प्रतीक्षेचा काळ, प्रकृतीची निकड यांवर क्रम लागतो. ज्या रुग्णालयात दान होते त्याला काही अवयवांत पहिला हक्क मिळतो, आणि ते रुग्णालय अनेकदा खासगी असते. या मुद्द्यावर टीका होते आणि ती रास्त आहे. सरकारी रुग्णालयांतून दान आणि प्रत्यारोपण दोन्ही वाढणे, हे त्यावरचे खरे उत्तर. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत मूत्रपिंड प्रत्यारोपणाची मर्यादा २०२३मध्ये अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेली आहे. तरी त्यानंतर आयुष्यभर घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा प्रश्न गरीब रुग्णासाठी उरतोच.

पैसा आणि वजन असले, तरी अवयव मिळतोच असेही नाही. माजी मुख्यमंत्री आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री विलासराव देशमुख यांना ऑगस्ट २०१२मध्ये मुंबईहून चेन्नईला नेण्यात आले. यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली होती. १४ ऑगस्टला, प्रत्यारोपण होण्याआधीच, त्यांचे निधन झाले.

याच्या उलट ३ ऑगस्ट २०१५चा दिवस. पुण्यात मेंदूमृत्यू झालेल्या एका स्त्रीच्या घरच्यांनी संमती दिली, पोलिसांनी रस्ते मोकळे केले आणि हृदय विमानाने मुंबईत आणून मुलुंडच्या रुग्णालयात दीड तासाच्या आसपास पोहोचवले. बदलापूरच्या एका तरुणाला ते बसवले गेले. हृदय शरीराबाहेर साधारण चार तासच टिकते, यकृत बारा तासांपर्यंत, मूत्रपिंड एक दिवस किंवा थोडे अधिक. मुंबईतले हे पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण. त्यात सर्जन, पोलीस, वैमानिक सगळ्यांचे कौतुक झाले, आणि ते योग्यच होते. पण त्या साखळीची पहिली कडी होती ती पुण्यातल्या त्या घराचा होकार.

सरकारी दवाखान्याचे काम

सगळी जबाबदारी नातेवाइकांवर टाकणेही न्यायाचे नाही. ज्यांना कुणी विचारलेच नाही, अशी कुटुंबे नकार देणाऱ्यांपेक्षा बहुधा जास्त असतील. अतिदक्षता विभागातल्या संभाव्य दात्याच्या नातेवाइकांना अवयवदानाची माहिती देणे, हे २०११च्या दुरुस्तीनंतर डॉक्टरांचे कर्तव्य आहे. जिथे प्रत्यारोपण होत नाही, पण अतिदक्षता विभाग आणि शस्त्रक्रियागृह आहे, अशा रुग्णालयाला अवयव काढण्याचे केंद्र म्हणून नोंदणी करता येते. पाली-उत्तनचा अपघातग्रस्त आधी भाईंदर पश्चिमेच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयात, मीरा रोडच्या खासगी रुग्णालयात किंवा पुढे मुंबईत जातो. यांपैकी जिथे तो पोहोचेल तिथे मेंदूमृत्यू ओळखणारा डॉक्टर आणि नातेवाइकांशी शांतपणे बोलणारा समन्वयक हवा. सरकारी रुग्णालयात एका परिचारिकेकडे अनेक गंभीर रुग्ण असतात. तिथे सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करायला चार डॉक्टर जमवणे हे मोठे काम असते, आणि ते कुणाच्या तरी नावावर ठरवून दिल्याशिवाय होत नाही.

स्पेनचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण अर्धवट. तिथे १९७९पासून ‘नकार दिला नसेल, तर होकार’ असा कायदा आहे. दात्यांचे प्रमाण वाढले ते मात्र १९८९मध्ये राष्ट्रीय संघटना उभी राहिल्यावर आणि प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाचाच एक डॉक्टर समन्वयक झाल्यावर. आणि तिथेही कुटुंबाला विचारल्याशिवाय अवयव काढत नाहीत. भारतात तमिळनाडूने याच वाटेने जाऊन महाराष्ट्रापेक्षा कमी लोकसंख्येत अधिक काम केले. २००८मध्ये चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्याने अपघातात गेलेल्या आपल्या मुलाचे अवयव दिले. त्या घटनेने जनमत हलले, आणि त्याच सुमारास सरकारने नियम आणि यंत्रणा उभी केली. २०२३पासून तिथे अवयवदात्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतात. गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत झालेला असा सन्मान शंभर फलकांपेक्षा जास्त सांगून जातो.

ठरवायचे कसे?

आधी एक गोष्ट स्पष्ट असावी: नाही म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दान हे दान असते. त्यासाठी लाज घालून होकार मिळवणे योग्य नाही. काहींना डोळे द्यायचे नसतात पण किडनी चालते, काहींचे उलटे. अर्जात तशी निवड करता येते, आणि पुढे मन बदलले, तर नोंदणी रद्दही करता येते. वय झाले, मधुमेह आहे, रक्तदाब आहे म्हणून स्वतःला आधीच बाद ठरवू नये. कोणता अवयव चालेल ते त्या वेळी तपासून डॉक्टर ठरवतात.

ज्यांना होय म्हणायचे आहे त्यांनी अर्ज जरूर भरावा. त्यानंतर किमान तिघांना सांगावे: जोडीदाराला किंवा आई-वडिलांना, भावंडांपैकी एकाला, आणि घरात ज्याचा शब्द चालतो त्या वडीलधाऱ्याला. विरोध असलाच, तर तो त्याच वेळी ऐकून घ्यावा; रुग्णालयात त्याला वेळ नसतो. प्रमाणपत्राची छापील प्रत रेशनकार्ड आणि विम्याच्या कागदांसोबत ठेवावी. आणि उलट प्रश्नही विचारावा: तुझे काय? तुझ्यावर अशी वेळ आली, तर आम्ही काय करायचे? हा प्रश्न बहुतेक घरांत कधीच विचारला जात नाही.

ज्यांना नाही म्हणायचे आहे त्यांनीही ते घरी सांगून ठेवावे. म्हणजे त्या रात्री कुणाच्या मनावर ओझे राहणार नाही.